खांब, गुण आणि गुणग्राहक

झाशी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर किल्ला आणि राणी उभी राहते. येथील हिंदी भाषिकांच्या बोलण्यात त्यांच्या जोडीने मेजर ध्यानचंद येतात. त्यांचा जन्म 1905 साली अलाहाबादेस झाला असला, तरी त्यांचे घर, त्यांचे मैदान व त्यांची समाधी ही झाशीचीच. 15 ऑगस्ट 1936 रोजी बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये त्यांच्या संघाने जर्मनीचा 8 विरुद्ध 1 असा पराभव केला. त्याच वर्षी त्याच नगरीत अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. त्यांत मल्लखांबही होता. हॉकीचे आठ गोल इतिहासात नोंदले गेले. मल्लखांबास टाळ्या मिळाल्या, आणि टाळ्यांची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

गोल मोजता येतो, सौष्ठव मोजता येत नाही. आणि मोजल्यावाचून स्पर्धा होत नाही. मल्लखांबाचा गेल्या काही दशकांचा इतिहास म्हणजे या पेचातून वाट काढण्याचा इतिहास होय. ती वाट चुकली, असे म्हणणारे रसिक आजही पुष्कळ भेटतात. त्यांचे म्हणणे कितपत खरे आहे, हे पाहण्याचा आमचा उद्देश आहे.

बदलीच्या निमित्ताने झाशीस आलेल्या आमच्यासारख्यांना हा विषय परका वाटू नये. वरसईचे विष्णुभट गोडसे 1858 च्या वेढ्याच्या वेळी याच शहरात होते. त्यांच्या 'माझा प्रवास' या वृत्तान्तात राणीच्या दिनक्रमाचे जे वर्णन येते, त्यात सकाळचा मल्लखांब आहे. तो तिला कोठून आला, याचे उत्तर परंपरा ब्रह्मावर्ताकडे बोट दाखवून देते. 1818 साली राज्य गेल्यावर दुसरे बाजीराव तेथे राहावयास गेले. त्यांच्या आश्रयास बाळंभटदादा देवधर होते. आणि मणिकर्णिकेचे बालपण त्याच वाड्याच्या सावलीत गेले. मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात सापडत असला, तरी आज आपण ज्याला मल्लखांब म्हणतो त्याचे पुनरुज्जीवन या देवधरांच्या नावावर मोडते. म्हणजे ही विद्याही आपल्यासारखीच महाराष्ट्राबाहेर बदली होऊन गेली व तेथे रुजली.

त्या काळी परीक्षक एकच असे, तो म्हणजे गुरू. अढी पक्की बसली की नाही, दसरंग करताना अंगाला झोल आला काय, आसनात श्वास स्थिर राहिला काय, हे तो एका दृष्टिक्षेपात ओळखी. त्याचा निर्णय लेखी नसे व त्यावर अपीलही नसे. आखाडा एकच असेतोवर ही व्यवस्था उत्तम चालली. दोन आखाडे एका खांबापुढे उभे राहिले, तेव्हा अडचण आली. कारण प्रत्येकाचा गुरू निराळा आणि प्रत्येकाची सौंदर्याची व्याख्याही निराळी.

1958 साली दिल्लीस राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धांच्या वेळी मल्लखांब प्रथमच अखिल भारतीय पातळीवर लोकांपुढे आला. 1962 साली ग्वाल्हेरच्या राष्ट्रीय स्पर्धांत त्याचा रीतसर समावेश झाला. ग्वाल्हेर येथून हाकेच्या अंतरावर आहे, हे आमच्या झाशीकर वाचकांस सांगावयास नकोच. परंतु 1976 मध्ये जिम्नॅस्टिक्सच्या संघटनेने मल्लखांब आपल्या स्पर्धांतून वगळला. हा आश्रय सुटल्यावर या खेळास स्वतःचे घर बांधावे लागले. 1981 च्या जानेवारीत उज्जैन येथे स्वतंत्र अखिल भारतीय स्पर्धा भरली आणि नियमांना एकरूपता देण्याचे कार्य सुरू झाले. उड्या, पकडी, आसने, फिरक्या यांची काठिण्यानुसार वर्गवारी झाली. रचना कशी बांधली व ती किती सफाईने केली, यांना वेगवेगळे गुण मिळू लागले. पाय वाकला, तोल गेला की गुण कापले जाऊ लागले. गुरूच्या एका डोळ्याच्या जागी अनेक परीक्षकांचे डोळे आले.

रसिकांचे मतभेद येथूनच सुरू होतात. जुने जाणते म्हणतात, की खेळाडू आता खांबाशी बोलत नाही, तक्त्याशी बोलतो. ज्या प्रकारास गुण अधिक तोच करतो. आसनात क्षणभर थांबून पाहणाऱ्याचे मन तृप्त करावे, एवढी उसंत त्यास उरलेली नाही. तरुण खेळाडू व त्यांचे पालक उत्तर देतात, की लेखी नियम नव्हता तेव्हा परीक्षकाच्या ओळखीचा आखाडाच सरस ठरण्याचे भय होते. आज निदान गुण कोठे गेले हे विचारता येते. तिसरा वर्ग सामान्य प्रेक्षकांचा. ज्याला सर्वांत मोठी टाळी मिळाली तो तिसरा का आला, एवढेच त्यांचे कोडे असते.

हे कोडे आपल्यापुरतेच नाही. 1976 साली माँट्रियल येथे नादिया कोमानेचीस पूर्ण 10 गुण मिळाले, तेव्हा तो आकडा दाखविण्याची सोय फलकावर नव्हती, म्हणून 1.00 असे झळकले. पुढे 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये गुणांवरून मोठा वाद माजला, आणि 2006 पासून काठिण्य व सफाई यांची बेरीज निराळी करून ते प्रसिद्ध 'दहा' रद्द झाले. न्याय अधिक काटेकोर झाला. पण घरी बसून पाहणाऱ्याला सहज कळणारा पूर्णत्वाचा आकडा मात्र हरपला. लाभ आणि हानी एकाच निर्णयाच्या पोटी जन्मली.

आपल्या कचेऱ्यांतील व्यवहार आठवला तर या वादाचा एक धागा हाती लागतो. वरिष्ठांचा गोपनीय अहवाल दीर्घकाळ बंद पाकिटात राहिला. 2009 साली तो संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्यास दाखवावा असे ठरले, व शेऱ्यांच्या जोडीस अंकही आले. अंकांमुळे माणसाची पारख पूर्ण होते, असे कोणी म्हणणार नाही. परंतु पाकीट पुन्हा बंद करा, असेही कोणी म्हणणार नाही. दोष अंकाचा नसतो. अंकात न मावणारे जे उरते, ते पाहण्याची जबाबदारी अंक लिहून झाल्यावरही संपत नाही, हे विसरण्यात दोष आहे.

म्हणून आमचे मत असे, की गुणपद्धती हे मल्लखांबाचे शत्रू नसून प्रवासाचे परवानापत्र आहे. 2013 मध्ये मध्य प्रदेशाने त्यास राज्यक्रीडेचा मान दिला. 2019 मध्ये मुंबईस शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. 2022 मध्ये गुजरातेतील राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत त्याने प्रवेश केला. ज्या परदेशी परीक्षकाने कोणा गुरूचा आखाडा कधी पाहिला नाही, त्याच्या हाती लेखी नियमावाचून दुसरे काय देणार? मात्र नियम लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. काठिण्याचे व सफाईचे गुण प्रेक्षकांस तेथल्या तेथे वेगळे दाखवावेत, म्हणजे तिसरा का आला हे त्यास कळेल; आणि स्थिर आसनाचे मोल अवघड उडीपुढे कमी होऊ देऊ नये.

उरलेले काम रसिकांचे. राणीच्या मल्लखांबास कोणी गुण दिले नव्हते. तो आज आपल्याला ठाऊक आहे, कारण वरसईच्या एका भिक्षुकाने त्याची नोंद केली. परीक्षकांचा तक्ता विजेता ठरवील; पण कोणाचा खेळ स्मरणात राहावा, हे ठरविण्याचा अधिकार पाहणाऱ्याचा आहे, आणि तो त्याने डोळसपणे बजावला पाहिजे.