रूबेन्सचा कित्ता

नक्कल हा शब्द आपल्या बोलण्यांत बहुधा निंदेच्याच अर्थानें येतो. मुलानें एखाद्या नामांकित चित्रकाराचें चित्र समोर ठेवून तसेंच काढलें, तर आपण त्याच्या हाताची तारीफ करतों. पण लगेच विचारतों, 'यांत तुझें असें काय?' हा प्रश्न मींही विद्यार्थ्यांना अनेकदां केला आहे. परंतु पुढील हकीकत वाचल्यापासून तो पुन्हां करण्याचें मला धैर्य होत नाहीं.

सप्टेंबर १६२८ मध्यें रूबेन्स हा फ्लेमिश चित्रकार माद्रिदला आला. तेव्हां तो ५१ वर्षांचा होता, आणि त्याची कीर्ति युरोपांतील सर्व दरबारांत पोंचली होती. इंग्लंड व स्पेन यांच्यामधील तहाचें बोलणें करणारा वकील म्हणून तो आला होता. राजकारण रेंगाळलें आणि त्याला महिन्यांमागून महिने सवड मिळाली. त्या सवडींत त्यानें चौथ्या फिलिपच्या राजवाड्यांतील तिशियनचीं चित्रें उतरवून काढण्यास आरंभ केला. राजाच्या संग्रहांतील तिशियनचें प्रत्येक चित्र त्यानें उतरविलें, असें वेलास्केथचा गुरु व सासरा पाचेको यानें लिहून ठेविलें आहे.

तिशियन १५७६ सालीं वारला. रूबेन्स १५७७ सालीं जन्मला. या गुरुशिष्यांची भेट कधींच झाली नाहीं. मग शिकावें कसें? चित्र नुसतें पाहतांना आपल्याला रंग दिसतो; तोच रंग स्वतःच्या हातानें लावूं लागलें म्हणजे त्याखालीं कोणता थर आहे, गालावरील छाया कोठें विरते, ओठाची कड कोठें पुसट ठेविली आहे, हें पदोपदीं विचारावें लागतें. गुरु नसला तरी त्याचें काम उत्तर देतें.

मात्र हें गिरविणें आंधळें नव्हतें. 'आदाम आणि ईव्ह' या चित्राच्या प्रतींत रूबेन्सनें आदामची बैठक बदलली आणि झाडावर एक पोपट बसविला. मूळ चित्र व प्रत हीं दोन्ही आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयांत आहेत.

व्यक्तिचित्राच्या बाबतींत तर याहून नवल घडलें. सम्राट पांचवा चार्ल्स याची राणी इसाबेला १५३९ सालीं निवर्तली. तिचें चित्र तिशियननें रंगविलें तें तिला समोर बसवून नव्हे, तर दुसऱ्या एका चित्रकारानें काढलेल्या तसबिरीवरून. पुढें त्यानें राजाराणीस एका मेजापाशीं बसलेलीं दाखविलें. तें जोडचित्र आज उपलब्ध नाहीं. रूबेन्सनें केलेल्या प्रतीवरूनच तें आपणांस ठाऊक आहे. तिशियन स्वतः तसबीर पाहून शिकला, आणि त्याचें हरवलेलें चित्र दुसऱ्या शिकणाऱ्याच्या वहींत राहिलें, असेंच म्हणावयाचें.

तिशियनवरून केलेल्या पुष्कळ प्रती रूबेन्सनें विकल्या नाहींत. १६४० सालीं तो वारला, तेव्हां त्याच्या घरांतील चित्रांच्या यादींत त्या होत्या. स्वतःच्या भिंतीवर त्यानें आपला कित्ता जपून ठेविला होता.

आपणही अक्षर शिकलों तें कित्ता गिरवूनच. तरी प्रत्येकाचें अक्षर निराळें झालें. त्यासाठीं कुणास निराळा यत्न करावा लागला नाहीं. म्हणून यापुढें कुणा मुलानें उतरविलेलें चित्र मजपुढें आणलें, तर त्यांत त्याचें स्वतःचें काय, हें मी विचारणार नाहीं. त्यांतून त्याला काय दिसलें, एवढेंच विचारीन.