ठिणगीची कुळकथा

मंडळी, किल्ली फिरवली (आता तर नुसतं बटण दाबलं) की गाडी सुरू होते, यात काही विशेष आहे असं आपल्याला वाटतच नाही. पण जरा हिशेब करून पाहा. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर दर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. त्यातल्या थोड्या जरी चुकल्या तरी गाडी आचके द्यायला लागते. मी पडलो कॉम्प्युटर इंजिनिअर, दुसऱ्यांच्या प्रोग्राममधले दोष हुडकणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे चुकलेली ठिणगी माणसं कशी शोधत आली, हा इतिहास मला अगदी घरचा वाटतो.

१८६० साली पॅरिसमध्ये एत्येन लनुआर याने गॅसवर चालणारं इंजिन केलं आणि त्यात विजेच्या ठिणगीने गॅस पेटवला. पण त्या काळच्या बॅटऱ्या बेभरवशाच्या. म्हणून जर्मनीत डाइमलरने सुरुवातीला वेगळीच वाट धरली. धातूची एक नळी बाहेरून ज्योतीने लालबुंद तापवायची आणि तिच्या उष्णतेने आतलं मिश्रण पेटवायचं. म्हणजे पेट्रोलच्या गाडीत उघडी ज्योत! कार्ल बेंझ मात्र बॅटरी आणि कॉइललाच चिकटून राहिला. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्टा दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटर, गाडी घेऊन गेली. वाटेत इग्निशनच्या वायरचं आवरण घासून गेलं, तेव्हा तिने मोज्याचा पट्टा गुंडाळून काम भागवलं असं सांगतात. इग्निशनची रस्त्यावरची पहिली दुरुस्ती एका बाईने केली, हे आपल्या गॅरेजवाल्यांना सांगायला हवं!

बॅटरीला पर्याय शोधला रॉबर्ट बॉशच्या स्टुटगार्टच्या कारखान्याने. तिथल्या गोटलोब होनोल्ड या इंजिनिअरने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग तयार केला. लोहचुंबक इंजिनच्याच फेऱ्यांवर वीज निर्माण करणार, बॅटरीची गरजच नाही. याच बॉशचे प्लग पुढे भारतात आले. १९५१ साली बंगळूरला मायको कंपनी निघाली आणि ‘मायको प्लग’ घरोघरी पोचला. चेतक स्कूटरवाल्यांना आठवेल, टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळायचं, प्लगवर काजळी धरायची. मग प्लग काढ, पॉलिश पेपरने घास, फुंकर मार, की पुन्हा किक. डिकीत एक जादा प्लग असायचाच.

इकडे अमेरिकेत, ओहायोतल्या डेटन गावी, चार्ल्स केटरिंगने एका कोठारात बसून बॅटरीवरचं इग्निशन सुधारलं. १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ते आलं. पाठोपाठ १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा सेल्फ-स्टार्टर आला. त्याआधी हँडल मारताना ठिणगी जरा लवकर पडली तर हँडल उलटं फिरून हात मोडायचा. ते संकट टळलं.

आणि इथून गोष्ट विचित्र वळण घेते. इंजिन ‘नॉकिंग’ करतं याचा दोष लोकांनी केटरिंगच्या इग्निशनला दिला. तो खोडून काढायला त्याने शोध सुरू केला आणि दोष इंधनाच्या जळण्यात आहे हे दिसलं. त्याचा सहकारी टॉमस मिज्ली याने १९२१ साली त्यावर उपाय शोधला, पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालण्याचा. नॉकिंग थांबलं, पण शिसं हवेत गेलं, मुलांच्या रक्तात गेलं. १९२४ मध्ये न्यू जर्सीत ते बनवणारे कामगार मेले, तरीही विक्री चालू राहिली. अखेर १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकन गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्याला शिसं चालत नाही, म्हणून शिसं हळूहळू हटलं. भारतात ते २००० साली बंद झालं, तर जगातला शेवटचा देश अल्जीरिया, त्याने २०२१ मध्ये थांबवलं. एक चुकीचं निदान खोडायला निघालेल्या माणसाच्या हातून काय घडलं पाहा.

कन्व्हर्टरला आणखी एक गोष्ट चालत नाही: चुकलेली ठिणगी. न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन पेटतं आणि तो वितळू शकतो. म्हणून १९९६ पासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या कारच्या कॉम्प्युटरला मिसफायर मोजणं बंधनकारक झालं, आणि सगळ्यांसाठी एकच सॉकेट व एकसारखे कोडही आले.

पण कोड म्हणजे निदान नव्हे. मागच्या हिवाळ्यात माझ्या गाडीचा ‘चेक इंजिन’चा दिवा लुकलुकायला लागला. एका गॅरेजने पी०३०२ कोड वाचला आणि चारही कॉइल बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं. कोड एवढंच सांगतो की दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे. का, ते सांगत नाही. इंजिन थंड झाल्यावर मी दोन नंबरची कॉइल तीनवर लावली, तीनची दोनवर. कोड तीनवर सरकला असता तर कॉइल दोषी. तो दोनवरच राहिला. मग प्लग काढला, तर पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढी भेग आणि तिच्यातून काळी रेघ. वीज टोकापर्यंत न जाता मधूनच पळत होती. चार नवे प्लग लावले, कोड परत आला नाही.

बाकीचे तीन प्लग मी नीट पाहिले. टोक फिकट तपकिरी असेल तर तब्येत ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ओला तेलकटपणा म्हणजे ऑइल आत येतंय. पांढरं पडून फोड आले असतील तर सिलिंडर फार तापतोय. चेतकच्या काळी मेकॅनिक हे डोळ्यांनी वाचायचे. आताचे इरिडियमचे प्लग एक लाख मैलांपर्यंत चालतात, त्यामुळे ते काढून बघतो कोण?

तेव्हा मंडळी, दोनच विनंत्या. तो दिवा नुसता लागला तर सवडीने गाडी दाखवा, पण लुकलुकला तर वेग कमी करा आणि लवकर थांबा. प्रश्न महागड्या कन्व्हर्टरचा असतो. आणि जुन्या मेकॅनिकांसारखं वायर हातात धरून ठिणगी बघायला जाऊ नका. आजच्या कॉइलचा झटका वीस हजार व्होल्टच्याही वर जातो, स्पार्क टेस्टर थोड्या डॉलरांत मिळतो. मात्र बिलावर सही करण्याआधी काढलेला प्लग मागून घ्या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा.