मोकळी जागा कुणाची? मुंबईतली हॉटेलं, त्यांची अंगणं आणि गच्च्या

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की इतिहासाच्या व्याख्यानात हॉटेलाच्या अंगणातल्या खुर्च्या कुठून आल्या? पण थोडं थांबा. फुटपाथवर टेबल मांडलं, तर महापालिका ते उचलून नेते, हे आपल्याला पटतं. रस्ता सगळ्यांचा आहे. आता तेच टेबल कुंपणाच्या आत, मालकाच्या स्वतःच्या अंगणात मांडलं तर? जागा त्याची, खुर्ची त्याची, गिऱ्हाईक आपल्या पायाने आलेलं. मग महापालिकेने मधे का पडावं? हॉटेलवाले हा प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायचं तर आपल्याला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. पुढच्या काही महिन्यांत मुंबई अर्धी रिकामी झाल्यासारखी दिसू लागली. अधिकारी चाळीचाळींत शिरले. त्यांना तिथे काय दिसलं? खिडकी नसलेल्या खोल्या, आणि एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या इमारती. कित्येक घरांच्या भिंतींवर 'यू. एच. एच.' अशी अक्षरं रंगवली गेली. अर्थ एवढाच, की माणसाने राहण्यास अयोग्य. काही ठिकाणी ऊन आत यावं म्हणून छपराची कौलंच काढली.

त्यातून १८९८ मध्ये कायदा करून बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या, ते याच ट्रस्टने. पण आज आपल्याला रस्त्यांपेक्षा त्याच्या एका दंडकाशी काम आहे. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. ऐकायला भूमितीचा धडा वाटतो, पण गोष्ट सोपी आहे. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून वर साडेत्रेसष्ट अंशांची रेघ ओढायची. समोरच्या इमारतीने ती रेघ अडवायची नाही. म्हणजे समोरची भिंत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मं अंतर मोकळं हवं. भिंत चाळीस फूट, तर मधे वीस फूट. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतल्या हवा-उजेडावर एक व्याख्यानच दिलं. क्षयरोगाशी लढायचं तर घरात ऊन आलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेऊ. ही मोकळी जागा मालकाच्या सात-बाऱ्यात किंवा मालमत्ता पत्रकात असते. तिचा कर तो भरतो. पण ती मोकळी का आहे? शेजाऱ्याच्या खोलीत उजेड पोचावा म्हणून. मालकी खाजगी, पण तिच्यावर शेजाऱ्याचा हक्क. आज सरकारी मराठीत आपण तिला 'सामासिक अंतर' म्हणतो. वहीला समास असतो ना, तसा इमारतीला समास. तिथे लिहायचं नसतं.

पुढे या समासाला दुसरं काम लागलं. इमारती उंच झाल्या, तशी त्याच जागेतून अग्निशमन दलाची गाडी फिरली पाहिजे, शिडी उभी राहिली पाहिजे, अशी गरज आली. म्हणजे आधी उजेडाची वाट, आता बंबाची वाट. आणि तिसरं म्हणजे एफएसआय, चटईक्षेत्र निर्देशांक. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत मुंबई शहरासाठी तो १.३३ होता आणि उपनगरांसाठी १. हिशेब असा, की जिथे छप्पर आलं तिथे चटईक्षेत्र आलं. खुल्या आभाळाखालची खुर्ची हे बांधकाम नव्हे, पण खुर्चीवर पत्रा टाकला की ते बांधकाम होतं. मग कलम ३५१ ची नोटीस येते.

आता गंमत बघा. मुंबईत जून ते सप्टेंबर पाऊस. खुल्या अंगणातल्या हॉटेलाने चार महिने काय करायचं? पावसाळी शेड घालायची. ती पावसाळ्यापुरती, नंतर काढायची. पण ऑक्टोबरात ऊन तापतं, म्हणून ती राहते. हिवाळ्यात लग्नसराई आणि पार्ट्या, म्हणून राहते. ताडपत्रीच्या जागी प्लास्टिक येतं, बांबूच्या जागी लोखंड, आणि एके दिवशी बाजूला काच लागते. कागदावर अंगण, प्रत्यक्षात खोली! या शहरातल्या अंगणांचा अर्धाअधिक इतिहास त्या ताडपत्रीतच आहे.

खोलीवरून आठवलं. 'परमिट रूम' हा आपला खास शब्द. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवाना घेऊन पिणं आलं, आणि पुढे बंदी सैल झाली तेव्हा परवानेवाल्यांनी बसायचं ते खोलीत. आजही दारूचा परवाना नकाशावर आखलेल्या जागेपुरताच असतो. एकाच अंगणाकडे आरोग्य खातं, इमारत खातं, अग्निशमन दल आणि उत्पादन शुल्क खातं असे चौघं चार डोळ्यांनी बघतात. तीन परवानग्या खिशात असलेला मालक चौथीसाठी हेलपाटे घालतो, आणि कंटाळून म्हणतो, "टाका टेबलं, बघू पुढचं पुढे." त्याची बाजूही आपण समजून घेऊ. नियम कळत नसेल आणि परवानगी वेळेत मिळत नसेल, तर नियम मोडणं हाच धंद्याचा भाग होतो.

आता लोअर परळला येऊ. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. गिरण्या पुढे एकेक करून बंद पडल्या. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीची वाटणी सांगितली होती. साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ च्या दुरुस्तीत वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची असं ठरलं, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. 'मोकळी' या एका शब्दाचा अर्थ बदलला आणि शहराच्या वाट्याची बाग आक्रसली. जिथे बाग होऊ शकली असती, त्या परिसरात मग कचेऱ्या आल्या. कचेऱ्यांमागे हॉटेलं आली, आणि जमीन संपली तेव्हा हॉटेलं गच्चीवर चढली.

गच्चीवरच्या हॉटेलांना रीतसर परवानगी द्यावी का, हा वाद महापालिकेत कित्येक वर्षं रखडला होता. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये आयुक्त अजोय मेहता यांनी धोरण मंजूर केलं. अटी काय होत्या? राहत्या इमारतीच्या गच्चीवर नाही. कायमचं छप्पर नाही. गच्चीवर जाळ पेटवून स्वयंपाक नाही. यातली प्रत्येक अट वाचताना आपल्याला साडेत्रेसष्ट अंशांची आठवण यावी. शेजाऱ्याची झोप, वरचं आभाळ आणि बाहेर पडायची वाट.

दोन महिनेही झाले नव्हते. २८ डिसेंबरची रात्र उलटून २९ तारीख लागली आणि कमला मिल आवारातल्या गच्चीवर आग लागली. शेजारी शेजारी दोन ठिकाणं, वर आच्छादन. ते बघता बघता पेटलं. १४ माणसं गेली, बहुतेक धुराने गुदमरून. तिथे एका तरुण मुलीचा वाढदिवस साजरा होत होता. दुसऱ्याच दिवसापासून शहरभर हातोडे चालले, शेकडो हॉटेलांची वाढीव बांधकामं पाडली. जी ताडपत्री वर्षानुवर्षं कुणाला दिसत नव्हती, ती एका रात्रीत सगळ्यांना दिसली.

तर मग मालकाच्या जागेत महापालिकेने मधे का पडावं? आमचं उत्तर असं, की ती जागा मोकळी आहे म्हणूनच तिच्यावर तिसऱ्या कुणाचा तरी जीव अवलंबून असतो. याचा अर्थ खुर्च्या नकोत, असा मुळीच नाही. संध्याकाळी झाडाखाली बसून चहा प्यावा, यासारखं सुख नाही, आणि दाटीवाटीच्या या शहराला ते हवंच आहे. नियम थोडके असावेत, सोप्या मराठीत असावेत, परवानगी एका खिडकीवर मिळावी. मात्र दिलेली अट दर महिन्याला कुणीतरी जाऊन बघावी, आग लागल्यावर नव्हे.

आणि आपलंही एक काम आहे. पुढच्या वेळी अशा अंगणात किंवा गच्चीवर बसाल, तेव्हा मेन्यूकार्ड उघडण्याआधी एकदा वर बघा, आभाळ दिसतंय का. मग मागे बघा, बाहेर जायची वाट कुठे आहे. दोन्ही दिसलं तर खुशाल बसा. नाही दिसलं तर मालकाला विचारा. गिऱ्हाइकाने विचारलेला प्रश्न नोटिशीपेक्षा लवकर पोचतो.

इथेच थांबू.