वऱ्हाडच्या भोरड्या

अमेरिकेत शरद ऋतू लागला म्हणजे पुष्कळ घरांच्या अंगणांत साखरपाण्याच्या तांबड्या बाटल्या टांगलेल्या दिसतात. हमिंगबर्ड नावाचे जेमतेम तीन-चार ग्रॅम वजनाचे पाखरू त्या सुमारास दक्षिणेकडे निघते, मेक्सिकोचे आखात ओलांडते, आणि वाटेत त्याला शिदोरी मिळावी म्हणून लोकांची ही खटपट असते. अमेरिका खंडांखेरीज हे पाखरू जगात कोठेच नाही. आपल्याकडे जास्वंदीला लोंबकळणाऱ्या शिंजिराला पुष्कळजण हमिंगबर्ड म्हणतात, पण शिंजीर निराळ्या कुळातला. शिवाय तो असा देशोदेशी जातही नाही. शरदात हजार कोसांवरून वऱ्हाडात उतरणारा आणि पुढे फुलांतला मध पिणारा पाहुणा कोणता, असे कोणी विचारले तर आम्हांस भोरडीचेच नाव घ्यावे लागेल. मात्र तिच्या स्वागतासाठी आम्ही वऱ्हाडकरांनी कधी काही टांगले नाही. तिच्यासाठी आम्ही गोफणी वळल्या.

भोरडी म्हणजे पुस्तकातली पळसमैना. डोके, पंख आणि शेपटी काळी कुळकुळीत, पाठ व पोट फिकट गुलाबी. पिले मात्र मातकट. लिनियसने १७५८ साली तिची शास्त्रात नोंद केली, आणि पुढे तिला जे ‘पास्तोर’ हे कुलनाम मिळाले त्याचा लॅटिनमधला अर्थ गुराखी असा आहे. चरणाऱ्या गुरांच्या पायांतून उडणारे नाकतोडे टिपीत ती कळपामागून हिंडते, त्यावरून हे नाव. इकडे आलेल्या इंग्रजांनी मात्र तिला ‘जवारी बर्ड’ म्हटले. डॉ. जेर्डनचा हिंदुस्थानातील पक्ष्यांवरचा ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात निघाला, तोवर तिची जोंधळ्यावरची धाड साहेबांच्याही चांगलीच परिचयाची झाली होती.

त्या काळचा वऱ्हाड डोळ्यांपुढे आणावा. १८५३ च्या तहाने निजामाचा हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीत तिकडचा कापूस बंद पडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अकोला, अमरावती, खामगाव या बाजारपेठांचा इतिहास लिहिणारे येथे थांबतात. कापसापलीकडे त्यांना वऱ्हाड दिसतच नाही. पण कापूस विकून पैसा येई, पोट भरे ते ज्वारीवर. माणसाला भाकर आणि बैलाला कडबा एकाच ताटातून मिळे. म्हणून कापसाचा भाव कितीही चढला तरी ज्वारीचे वावर राहिलेच, आणि त्या वावराबरोबर भोरडीही राहिली.

भोरड्यांचे पहिले थवे पावसाळ्यातच, श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास दिसू लागतात. कणसात दाणा चिकावर येतो तेव्हा त्यांचा खरा जोर. मग वावरात चार मेढी रोवून माळा उभा राही. झुंजुरका होताच एखादे पोर किंवा म्हातारा गोफण घेऊन वर चढे. सकाळचा पहिला प्रहर आणि दिवस कलण्याची वेळ या दोन राखणीच्या वेळा, कारण पाखरू तेव्हाच भुकेले असते. थवा येतो तो सरळ येत नाही. मागची पाखरे पुढच्यांच्या डोक्यावरून उडून पुढे उतरतात, त्यांच्या मागची त्यांच्याही पुढे. सारा थवा चाकासारखा वावरातून लोळत जातो. माळ्यावरचा जाणता राखणदार गोटा थव्यावर टाकीत नसे, थव्याच्या पुढे टाकी. टिनाचा डबा बडवणे, हाळी देणे, गोफणीच्या शेपटाचा फटकार काढणे, हे सारे त्याच्या जोडीला. पक्षिनिरीक्षण हा शब्द आम्ही अलीकडे शिकलो. पण भोरडी कोणत्या दिशेने येते, कोणत्या बाभळीवर टेकते आणि मुक्कामाला कोठे जाते, हे त्या माळ्यावरच्या पोराला तोंडपाठ असे. त्याची ही विद्या कोणी लिहून घेतली नाही, याचे आम्हांस वाईट वाटते.

हीच पाखरे जिथे घरटी करतात तिथे त्यांची कीर्ती अगदी उलट आहे. टोळांनी पीक खाऊ लागताच लोकांच्या प्रार्थनेवरून देव काही पक्षी धाडतो, असे रोमन ग्रंथकार प्लिनी पहिल्या शतकात लिहून गेला. ते पक्षी म्हणजे भोरड्याच, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. चीनच्या सिंक्यांग प्रांतात तर १९८० नंतरच्या दशकांत गवताळ कुरणांवर मुद्दाम दगडांचे ढीग रचले गेले. भोरडी दगडांच्या सांदीत अंडी घालते, आणि एकेक पाखरू दिवसाकाठी शंभरावर टोळ फस्त करते, म्हणून हे आमंत्रण. २०१८ साली तिकडच्या निल्का परगण्यात दगडांत पिले निघाली म्हणून रस्त्याचे काम काही काळ थांबविण्यात आले. एका टोकाला दगड रचून बोलावतात, दुसऱ्या टोकाला दगड मारून हाकलतात, पाखरू तेच. दोन्हीकडचा शेतकरी आपापल्या जागी शहाणाच आहे.

फुलांशी असलेले तिचे नाते आपल्याकडे शास्त्रात उशिरा आले. सलीम अलींनी १९३२ साली फुलांवर येणाऱ्या पाखरांविषयी आणि पाखरांवर अवलंबून असलेल्या फुलांविषयी लेख लिहिला. अमेरिकेत जे काम हमिंगबर्ड करतो ते इकडे शिंजीर, मैना, बुलबुल वाटून घेतात. माघ-फाल्गुनात सावर, पांगारा, पळस फुलले की भोरड्या त्यांवर तुटून पडतात, आणि चोच परागाने माखून या झाडावरून त्या झाडावर जातात.

आता ज्वारीच उरली नाही. १९६४ साली पहिले संकरित वाण आले आणि उत्पन्न वाढले. पण त्याचा दाणा पावसात सापडून काळा पडू लागला. पुढे सोयाबीन आले आणि वावरेच्या वावरे तिकडे वळली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गावात शंभर वावरे ज्वारीची असत तेव्हा भोरडीचे खाणे शंभर जणांत वाटले जाई. आज एखाद्यानेच ज्वारी पेरली तर सारा थवा त्या एकट्यावर उतरतो. मजुरी देऊन राखण परवडत नाही. पुढल्या साली तोही पेरीत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. ज्वारीवर भाषणे पुष्कळ झाली, राखणीचा खर्च कोणी उचलावा हे आमच्या कानी कोठे आले नाही. तो एकट्या पेरणाऱ्यावर टाकू नये, गावाने मिळून उचलावा, असे आमचे मत आहे.

भोरडीला बोलावायचे तर बाटल्या टांगून भागणार नाही. धुऱ्यावरचा पळस, पांगारा, सावर तोडू नये. शिवाराच्या एका अंगाला ज्वारी एकत्र, एकाच वेळी पेरावी. पाहायचे असेल तर पक्षिसप्ताह आहेच. सलीम अली आणि मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसांना धरून २०२० पासून तो ५ ते १२ नोव्हेंबर असा पाळला जातो. लोक अकोल्याजवळच्या कापशीला, अमरावतीच्या वडाळीला बदके पाहायला जातात. त्यांनी परतताना रस्त्याकडेच्या ज्वारीपाशीही थांबावे.

त्याच २०२० सालच्या मे महिन्यात मोर्शी-वरुडच्या संत्राबागांवर टोळधाड उतरली. लोकांनी फवारे मारले आणि राखणीच्या वेळी बडवावेत तसे डबे बडवले. भोरड्या एप्रिल सरता सरता वऱ्हाड सोडतात. त्या वेळी त्या मध्य आशियातल्या दगडांत अंड्यांवर बसल्या होत्या.