घोट्याचं प्लास्टर निघालं, तरी लगेच चालता का येत नाही?

ओल्या फरशीवर पाय घसरला, घोटा सुजला की घरातून पहिला सल्ला येतो, 'मुरगळला असेल, मालीश कर.' पण चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर दाबल्यावर दुखत असेल, तर मालीश नको, एक्स-रे काढा. १९९२ साली कॅनडात मांडलेल्या 'ओटावा अँकल रूल्स'मध्ये डॉक्टर याच गोष्टी तपासतात.

हाड जुळायला किती वेळ लागतो?

साधारण ६ ते १२ आठवडे. हाड जागेवर असेल तर प्लास्टर किंवा खास बूट पुरतो. सरकलं असेल तर बऱ्याचदा ऑपरेशन करून प्लेट आणि स्क्रू बसवतात. मधुमेह असेल किंवा तंबाखू, सिगारेट सुरू असेल, तर हाड जुळायला उशीर लागू शकतो.

मग प्लास्टर काढल्यावर अडतं कुठे?

हाड जुळलेलं असतं, पण पाय तयार नसतो. इतके आठवडे न वापरल्यामुळे पोटरी बारीक होते, सांधा आखडतो आणि तोल सांभाळण्याची सवय मोडते. संध्याकाळी येणारी सूज काही महिने राहू शकते. फिजिओथेरपी गरजेची असते ती यासाठीच. उकिडवं बसणं तर बऱ्याच जणांना सगळ्यात शेवटी जमतं. 'पायावर किती वजन टाकू?' हा प्रश्न डॉक्टरांना प्रत्येक भेटीत विचारा.

घरात काय बदलायचं?

- बाथरूम: प्लास्टिकची भक्कम खुर्ची आणि न घसरणारी मॅट ठेवा. प्लास्टर भिजू देऊ नका.
- टॉयलेट: भारतीय पद्धतीचं असेल तर कमोड खुर्ची आणा. मेडिकल साहित्याच्या दुकानात ती भाड्यानेही मिळते.
- जिना: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय.
- कुबड्या: भार तळहातांवर घ्या, काखेत नाही. पुढे एकच काठी वापरायची वेळ आली की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरा.
- बसताना: पाय उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवा. सूज उतरायला मदत होते.
- सामान: पायपुसणी, वायरी वाटेतून हटवा. पाण्याची बाटली, चार्जर, औषधं हाताशी ठेवा.

डॉक्टरांना लगेच कधी गाठायचं?

बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा प्लास्टर आवळतंय असं वाटलं तर थांबू नका. पोटरी अचानक दुखू लागली किंवा जास्त सुजली, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर थेट १०८ वर फोन करा.

या काळात पाण्याचा ग्लास मागायलाही अनेकांना संकोच वाटतो. पण एकट्याने उठायच्या नादात पुन्हा पडलात, तर उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागू शकतात. त्यापेक्षा हाक मारलेली बरी.