दगडूशेठसमोरचा वाडा

शताब्दी अंकासाठी दिंडीच्या जुन्या वह्या काढल्या. हजेरी, भिशीचा हिशेब, कुणी किती शिधा दिला, कुणाची पडशी कुठल्या गाडीत, असलं सगळं त्यात आहे. पहिल्या काही वह्यांत बाया फार थोड्या, आणि ज्या आहेत त्यांच्या नावापुढं अंगठा. पुढच्या वह्यांत अंगठे कमी होत जातात आणि वाकड्यातिकड्या सह्या दिसायला लागतात. ती पानं चाळता चाळता आम्हाला पुण्यातला भिडे वाडा आठवला. म्हणून हा लेख. दिंडीच्या अंकात वाड्याचं काय काम, असं कुणी विचारील, तर माउली, शेवटपर्यंत वाचा.

पुण्याचा मुक्काम आपल्याला नवा नाही. लक्ष्मी रोडनं टाळमृदंगाच्या गजरात पालख्या येतात. माउली भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात आणि तुकोबाराय नाना पेठेत निवडुंगा विठोबाच्या देवळात विसावतात. दिंड्यांची पथारी पडते ती बहुतेक पेठेतल्या शाळांमधून. बाकं एका बाजूला सरकवायची, फळ्याखाली वीणा टेकवायची आणि पाय मोकळे करायचे. दुसरा दिवस मुक्कामाचाच, म्हणून आयाबायांचा नेम ठरलेला: दगडूशेठ गणपतीचं दर्शन. बेलबाग चौकातून शिवाजी रस्त्याला वळलं की देऊळ आलंच. तिथं आपण कितीतरी वर्षं रांगेत उभे राहिलो, गणपतीकडं तोंड करून. आणि पाठ कुणाकडं होती? रस्त्यापलीकडच्या एका जुन्या, कललेल्या वाड्याकडं. खाली दुकानं, वर मोडकी लाकडी खिडकी, पाट्यांच्या गर्दीत दर्शनी भाग झाकलेला. तोच भिडे वाडा.

१८४८ साली या वाड्यात जोतिराव फुले यांनी मुलींची शाळा काढली. जोतिराव तेव्हा एकवीस वर्षांचे आणि सावित्रीबाई सतरा. जागा दिली तात्यासाहेब भिडे यांनी. हे नाव आपण विसरू नये. स्वतःच्या घरात मुलींना अक्षर शिकवू देणं म्हणजे त्या काळच्या पुण्यात शेजारपाजाऱ्यांचं तोंड ओढवून घेणं होतं. मुली आल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सावित्रीबाई शाळेत निघाल्या की अंगावर शेण-चिखल पडायचा, म्हणून जवळ दुसरं लुगडं ठेवायच्या, असं सांगतात. पुढं विरोध इतका वाढला की जोतिरावांच्या वडिलांनी या दोघांना घराबाहेर काढलं आणि गंज पेठेत उस्मान शेख यांनी आसरा दिला. शाळा मधे थांबली, पण काम थांबलं नाही. १८५१ मध्ये बुधवार पेठेतच चिपळूणकरांच्या वाड्यात, मग रास्ता पेठेत, पुढच्या वर्षी वेताळ पेठेत अशा शाळा निघाल्या. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता नावाच्या मातंग समाजातल्या मुलीनं १८५५ साली मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. चौदा वर्षांची पोर! आज वाचला तरी काळजाला हात घालतो.

आपल्या वाटेशी या माणसांचं नातं दूरचं नाही. सावित्रीबाईंचं माहेर नायगाव, खंडाळा तालुक्यातलं, म्हणजे आपला लोणंदचा मुक्काम ज्या तालुक्यात पडतो त्याच तालुक्यातलं. जोतिरावांचं मूळ गाव कटगुण, तेही साताऱ्याच्याच मुलखातलं. त्यांनी रचलेल्या पद्यांना ‘अखंड’ म्हणतात आणि त्यांची घडण आपल्या अभंगाची आहे. त्यांची सगळी मतं आपल्याला पटतील असं नाही, देवाधर्मावर ते फार कडक बोललेत. पण अंगठ्याच्या जागी सही आली ती कुणामुळं, हे वहीच सांगते.

आता वाड्याची गोष्ट. लाकडी वाडा कसा असतो ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको. दगडी जोतं, त्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट. वरून गळलं की आधी तुळईचं भिंतीतलं टोक कुजतं आणि ते बाहेरून दिसत नाही. दर पावसाळ्याआधी कुणीतरी वर चढून कौलं परतावी लागतात. वाडा टिकतो तो राहणाऱ्याच्या काळजीनं. भिडे वाड्यात तर दुकानं होती. भाडेकरूंचं पोट त्यावर, त्यांचा हक्क त्यावर. वाडा वाचवावा, तिथं राष्ट्रीय स्मारक व्हावं, ही मागणी मोठी होत गेली. २००६ साली पुणे महानगरपालिकेनं स्मारकाचा ठराव केला. भाडेकरू कोर्टात गेले. त्यांचं म्हणणंही अगदीच खोटं नव्हतं: पिढ्यान्‌पिढ्या धंदा करतो, आम्ही जायचं कुठं?

झालं, खटला सुरू. तारखांवर तारखा. दर वर्षी १ आणि ३ जानेवारीला लोक वाड्यासमोर फुटपाथवर जमायचे, तसबिरीला हार घालायचे, घोषणा द्यायचे आणि जायचे. वाडा तसाच. आम्हाला वाटतं, वाड्याला खरा मार बसला तो या बारा-तेरा वर्षांत. उद्या जागा जाणार म्हणून दुकानदार खर्च कशाला करील? ताबा नाही म्हणून पालिका हात कसा लावील? वाचवणारे पुष्कळ होते, पण कौलं परतायला एकही जण वर चढला नाही. यात आम्हीही आलो. एवढी वर्षं समोर उभे होतो, कधी वळून पाहिलं?

२०२३ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयानं पालिकेच्या बाजूनं निकाल दिला. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानंही भाडेकरूंचं म्हणणं फेटाळलं आणि जागा खाली करायला एक महिना दिला. ४ डिसेंबरच्या रात्री पालिकेनं ताबा घेतला आणि उजाडेपर्यंत वाडा जमीनदोस्त झाला. धोकादायक झाला होता, हे खरंच. ज्याला वाचवायचं म्हणून एवढी लढाई झाली, तो जिंकलेल्या दिवशीच गेला. कुणी पेढे वाटले, कुणी डोळे पुसले. काहींनी दोन्ही केलं.

आपल्या दिंडीत लाकूडकाम करणारी मंडळी आहेत. त्यांच्यात यावर बराच वाद झाला. एकजण म्हणाले, खांब-तुळयांवर आकडे घालून वाडा उतरवता येतो आणि बरं लाकूड नव्या कामात पुन्हा बसवता येतं. दुसरे म्हणाले, कुजलेल्याला आकडा घालून काय उपयोग, एखादा माणूस खाली सापडला असता म्हणजे? आम्हाला पहिल्याचं पटतं. निदान एक उंबरा तरी राखता आला असता, जो ओलांडून त्या पोरी आत गेल्या.

२०२४ च्या सप्टेंबरात त्या जागेवर स्मारकाची पायाभरणी झाली. ते होईल तेव्हा होईल.

तोवर एक करता येईल. जोतिराव-सावित्रीबाईंचं गंज पेठेतलं राहतं घर अजून उभं आहे. सरकारनं संरक्षित केलेलं, अंगणात विहीर, तिथंच जोतिरावांची समाधी. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेही याच घराच्या अंगणात. त्या पेठेचं नाव आता महात्मा फुले पेठ. माउलींच्या मुक्कामाच्या देवळापासून चालत जाण्यासारखं आहे, आणि चालण्याचं आपल्याला काय! यंदा पुण्यात दुसऱ्या दिवशी हरिपाठाआधी आपल्या दिंडीतल्या बाया तिकडं जायच्या आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी वीणेकरी बुवांकडं नाव द्यावं. वहीत सही करून.