ओशिवऱ्याचं पाणी कुठे आणि कधी मोजायचं?

थोडं मोठं लिहितोय, पण गोरेगावकरांनी तरी शेवटपर्यंत वाचावं.

गोरेगाव आणि जोगेश्वरीच्या मधून जो वाहतो, त्याला आपण सगळे नाला म्हणतो. ती ओशिवरा नदी आहे. आरेच्या टेकड्यांत उगम पावते, हायवे, एस. व्ही. रोड, लिंक रोड ओलांडते आणि मालाडच्या खाडीला मिळते. खाडीच्या तोंडाशी वेसावा कोळीवाडा. आपण वर टाकतो ते खाली त्यांच्या जाळ्यात जातं.

१९४९ मध्ये शहरातल्या म्हशी बाहेर हलवायला आरे दूध वसाहत उभी राहिली. शहराची सोय झाली, पण तबेले आले ते थेट नदीच्या उगमाजवळ. पुढे वस्त्या, कारखाने, टॉवर. सगळ्यांचं सांडपाणी त्याच पात्रात.

कायदा नव्हता असं म्हणायची सोय नाही. जलप्रदूषणाचा कायदा महाराष्ट्राने १९६९ मध्ये केला, १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ आलं. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९७४ चा.

पाण्याची घाण मोजायचं मुख्य माप म्हणजे बीओडी. घाण कुजवताना जीवाणू किती ऑक्सिजन खातात, ते यात कळतं. ही कसोटी रूढ केली ब्रिटनच्या रॉयल कमिशनने, १९१२ च्या अहवालात. मुदत पाच दिवसांची, कारण तिथल्या नद्या तेवढ्यात समुद्राला मिळतात, असं सांगतात. आपल्याकडे २७ अंशांना तीन दिवस ठेवतात. ओशिवरा जेमतेम काही किलोमीटरची. घाण पुरती कुजायच्या आत ती खाडीत पोचते आणि तिथला ऑक्सिजन खाते. मासा गुदमरतो तो तिथे.

आंघोळीच्या पाण्याचा बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. २०१८ मध्ये केंद्रीय मंडळाने देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यात महाराष्ट्राचे ५३, सगळ्यांत जास्त. मिठी सर्वात वाईट गटात, म्हणजे ३० च्या वर.

इतकी वर्षं बातमीदारी करताना एक पाहिलंय. पूर आला की नदी आठवते. २६ जुलै २००५ ला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठीसाठी प्राधिकरण आलं. ओशिवरा मात्र आपल्या बोलण्यात नालाच राहिली.

त्यात खाडीचा आकडा फसवा असतो. भरतीला समुद्राचं पाणी आत येतं आणि घाण पातळ होते. ओहोटीला नदीचं खरं रूप दिसतं. म्हणून नुसता आकडा पुरेसा नाही. नमुना कुठे घेतला, किती वाजता, भरती होती की ओहोटी, हेही हवं.

माझं म्हणणं एवढंच: आरेत, एस. व्ही. रोडच्या पुलाखाली आणि खाडीच्या तोंडाशी, दर महिन्याला, भरती-ओहोटी दोन्ही वेळा नमुने घ्या. आकडे त्या पुलावरच फलकावर लावा. घाण नेमकी कुठून मिसळते ते कुणालाही वाचता येईल.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. कुणी टाकणार असाल तर सांगा, मसुदा मी लिहून देतो.